आरपी_फिल्टरचं ते वाक्य: दुरुस्ती पाठवावी का, आणि कशी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गावच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून तुम्ही त्याचा राउटर केला. एकीकडून फायबर, दुसरीकडून मोबाईलचं डोंगल, कारण पावसाळ्यात फायबर तुटलं की चार-चार दिवस जोडलं जात नाही. डोंगलकडून येणारी पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून येणारे माहितीचे तुकडे, टीसीपीडम्प या ती दाखवणाऱ्या साधनात दिसत होती, पण मशीन ती पुढे जाऊ देत नव्हतं. डोंगलच्या इंटरफेसवर, म्हणजे त्या जोडणीच्या दारावर, आरपी_फिल्टर ही आलेल्या पाकिटाचा उगम तपासणारी सेटिंग ० केली, तरी फरक पडला नाही. तीन रात्री गेल्यावर कळलं की ‘ऑल’मध्ये, म्हणजे सगळ्या इंटरफेसांसाठी असलेल्या सामायिक जागी, १ आहे. मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दस्तऐवजात पाहिलं, तर दोन्ही जागांतला मोठा आकडा लागू होतो असं वाक्य तिथे होतंच. आता तुम्ही विचारता की वाक्य चूक नसताना ते सुधारून पाठवायचं का, आणि बारावीपर्यंतच्या इंग्रजीवर हे काम करायला घ्यावं का.

पाठवा. पण तुम्ही ठरवलंय तसं, म्हणजे सगळा परिच्छेद नव्याने लिहून, पाठवू नका. का ते सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात अठरा वर्षं नेटवर्कचं काम करतो. जिनिंगचे काटे, पतसंस्थांच्या शाखा, आश्रमशाळांचे संगणक कक्ष, असं सगळं. त्यातली दहाएक वर्षं दस्तऐवजात जिथे अडखळलो, तिथली दुरुस्ती तो सांभाळणाऱ्यांकडे पाठवत आलोय. काही स्वीकारल्या गेल्या, बऱ्याच परत आल्या. परत आलेल्यांतून जास्त शिकलो, म्हणून पुढचं बरंचसं त्यांच्याच आधाराने सांगणार आहे.

तुमच्या पत्रात इंग्रजीची काळजी पुढे आलीय, पण तुम्ही अडलात ते इंग्रजीमुळे नाही. ते वाक्य मराठीत असं होतं: एखाद्या इंटरफेसवर उगमाची तपासणी करताना ‘ऑल’ आणि तो इंटरफेस, या दोन जागांवरच्या आकड्यांपैकी कमाल आकडा वापरला जातो. यात अवघड शब्द एकही नाही. तरी तुम्ही चुकलात, मीही चुकलो होतो, आणि माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरंही तिथेच चुकतात. एकाच जागी इतके जण ठेच खात असतील, तर दगड त्या जागेवरच आहे.

दगड कोणता ते पाहू. आरपी_फिल्टर काय करतं? पाकीट आलं की मशीन विचारतं, ‘हा ज्या पत्त्यावरून आलो म्हणतो, त्या पत्त्याला मला उत्तर पाठवायचं झालं तर मी याच दारातून पाठवीन का?’ आकडा १ असेल तर उत्तर ‘हो’ असायलाच पाहिजे, नाहीतर पाकीट टाकून दिलं जातं. ही कडक तपासणी. आकडा २ असेल तर प्रश्न सैल होतो, ‘निदान कुठल्या तरी दारातून त्या पत्त्यापर्यंत वाट आहे का?’ आणि ० म्हणजे तपासणीच नाही. कडक आणि सैल या दोन्ही कल्पना आरएफसी ३७०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून आल्यात.

आपल्याकडच्या शेताला दोन वाटा असतात, एक डांबरी सडकेवरून आणि एक पांदणीतून. पाहुणा पांदणीने आला, पण त्याच्या गावाला जायची तुमची नेहमीची वाट सडकेची असेल, तर कडक राखणदार त्याला धुऱ्यावरूनच परत पाठवतो. तुमच्या डोंगलचं नेमकं हेच झालं. डीफॉल्ट मार्ग, म्हणजे दुसरी वाट ठरवलेली नसताना वापरायचा मार्ग, फायबरचा होता आणि पाकिटं आली डोंगलने.

आता आकड्यांकडे बघा. ०, १, २. हे वाचताना माणूस मनात चढती पायरी बांधतो: बंद, थोडं, जास्त. इथे २ हे १ पेक्षा सैल आहे. सैल तपासणी नंतर आली, म्हणून तिला पुढचा आकडा मिळाला. त्यामुळे ‘कमाल आकडा वापरला जातो’ हे वाचून डोक्यात उमटतं ‘जे जास्त कडक असेल ते लागू होतं’. वाक्य खरं असून वाचणारा चुकीच्या गावी पोहोचतो. ‘ऑल’मध्ये १ असताना तुम्ही डोंगलवर ० लिहिलं. कमाल निघाली १, तपासणी कडकच राहिली. त्याच जागी २ लिहिलं असतं तर कमाल २ झाली असती आणि पाकिटं लगेच चालू झाली असती. कमी कडक पाहिजे म्हणून तुम्ही लहान आकडा निवडला, आणि पाहिजे होता मोठा. हे त्या वाक्याशेजारी कुठेतरी लिहिलेलं असायला हवं, आणि तुमची दुरुस्ती तेवढीच असायला हवी.

दुसरी अडचण ‘ऑल’ या शब्दाचीच आहे, आणि इथे जरा थांबावं लागेल. साध्या माणसाला वाटतं की ‘ऑल’मध्ये लिहिलं म्हणजे सगळ्यांना लागू. प्रत्यक्षात प्रत्येक पर्यायाची तऱ्हा वेगळी (पुढची नावं अशाच सेटिंग्जची आहेत, ती ओळखीची नसली तरी चालेल). फॉरवर्डिंगचा, म्हणजे पाकिटं पुढे पाठवायच्या सेटिंगचा, आकडा ‘ऑल’मध्ये लिहिला तर तो खरोखरच सगळ्या इंटरफेसांवर उतरतो. लॉग_मार्शन्सला दोनपैकी एका जागी चालू असलं तरी पुरतं. अ‍ॅक्सेप्ट_सोर्स_रूटला दोन्ही जागी चालू लागतं. आरपी_फिल्टर आणि एआरपी_इग्नोर यांना कमाल. अ‍ॅक्सेप्ट_रीडायरेक्ट्सची तर गंमतच आहे: त्या इंटरफेसवर फॉरवर्डिंग चालू असेल तर दोन्ही जागी होकार लागतो, बंद असेल तर एकाच जागी पुरतो. हे सगळं मी पाठ केलेलं नाही. कर्नलच्या आयनेटडिव्हाइस नावाच्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे सी भाषेतल्या व्याख्यांच्या फाइलमध्ये, प्रत्येक पर्यायासाठी एक-एक ओळ आहे आणि तिथे अँडकॉन्फ (दोन्ही), ऑरकॉन्फ (एक तरी), मॅक्सकॉन्फ (कमाल) अशा नावांचे मॅक्रो, म्हणजे कोडची लघुरूपं, आहेत. सी भाषा न येणारालाही ती ओळ वाचता येते. दस्तऐवजाच्या कुठल्याही वाक्याला हात लावण्याआधी मी ती ओळ उघडतो. तुम्हीही उघडा.

हे सांगायचं आणखी एक कारण आहे. जुन्या शिकवण्यांमध्ये अजूनही वाचायला मिळतं की आरपी_फिल्टर चालू व्हायला ‘ऑल’ आणि इंटरफेस दोन्ही चालू लागतात. ते एकेकाळी खरं होतं. २००९ साली सैल तपासणी आली तेव्हा दोन्हींच्या जागी कमाल आली, आणि दस्तऐवजातलं वाक्यही बदललं. पण बदलण्याआधी ज्यांनी ते उतरवून घेतलं, त्यांच्या वह्यांत जुनंच राहिलं. म्हणून तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे, यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या वितरणासोबत, म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या संचासोबत, आलेला दस्तऐवज आणि कर्नलच्या आजच्या झाडातला, म्हणजे मूळ कोडच्या ताज्या संग्रहातला, दस्तऐवज यांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. दुरुस्ती कायम आजच्या झाडावर बेतायची. मी एकदा दोन संध्याकाळी खर्च करून एक वाक्य सुधारलं, पाठवलं, आणि उत्तर आलं की ते आठ महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालंय. तेव्हापासून त्या फाइलचा गिटमधला, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला, इतिहास पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. इतिहासाचा आणखी एक फायदा असा की वाक्य तसं का लिहिलं गेलं ते कळतं. कधीकधी विचित्र वाटणारा शब्द कुणीतरी मुद्दाम, भांडून ठेवलेला असतो.

आता वागणूक तपासायची. ‘मला असं वाटतं’ या आधारावर पाठवलेली दुरुस्ती टिकत नाही. तुम्हाला दोन जोडण्याही लागत नाहीत, एक लॅपटॉप पुरतो. नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमधली वेगवेगळी नेटवर्कं, दोन-तीन करा, व्हीएथ या आभासी केबलच्या जोड्यांनी एकमेकांना जोडा, आणि एका बाजूचा परतीचा मार्ग मुद्दाम दुसऱ्या दारातून ठेवा. मग ‘ऑल’मध्ये ०, १, २ आणि इंटरफेसवर ०, १, २ असे नऊ प्रकार फिरवा. दोन्ही आकडे प्रत्येक वेळी स्वतः लिहा, कारण नव्या नेमस्पेसमध्ये आयपीव्ही४चे आकडे मूळ मशीनकडून येऊ शकतात आणि तुमची तपासणी फसते. एनस्टॅट या नेटवर्कच्या मोजण्या दाखवणाऱ्या आज्ञेत आयपीरिव्हर्सपाथफिल्टर नावाची मोजणी असते. पाकीट या तपासणीत पडलं की ती वाढते. म्हणजे पाकीट कशामुळे पडलं याचा अंदाज बांधावा लागत नाही. नऊपैकी एकाच प्रकारात तपासणी पूर्ण बंद दिसेल, तीन प्रकारांत कडक, आणि उरलेल्या पाचांत सैल. तसं दिसलं नाही तर तुमची मांडणी कुठेतरी चुकलीय.

भारनियमनाच्या वेळा पाहून हे काम रात्री करावं लागतं, मला माहीत आहे. पण एकदा केलं की कुठल्याही तज्ज्ञासमोर तुमचं पारडं जड असतं.

मग येतो शब्दांचा भाग. यात तुमचं इंग्रजी कच्चं असणं उपयोगी पडतं, हे मी मनापासून सांगतो. माझी पद्धत अशी की दस्तऐवजातलं वाक्य मी मराठीत मोठ्याने सांगून बघतो, जणू समोर जिनिंगवरचा ऑपरेटर बसलाय. सांगताना जिथे दोन मराठी क्रियापदांतून एक निवडावं लागतं, तिथे मूळ वाक्यात संदिग्धता आहे असं समजतो. इंग्रजीत ‘मे ड्रॉप’ असेल तर मराठीत मी काय म्हणू? ‘टाकून दिलं तर चालेल’ की ‘टाकून दिलं जाण्याचा संभव आहे’? पहिली मुभा, दुसरी शक्यता. इंग्रजी एकच शब्द वापरून निभावून नेतं, मराठीत तसं निभत नाही. ‘शुड बी सेट’चं तसंच. ‘केलेलं बरं’, ‘केलंच पाहिजे’, की ‘आधीच केलेलं असेल’? इंटरनेटच्या मानकांमध्ये हा घोळ टाळण्यासाठी १९९७च्या आरएफसी २११९ने या शब्दांचे अर्थ ठरवून दिले. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या दस्तऐवजात तेच शब्द बोलीभाषेसारखे येतात आणि वाचणारा मात्र मानकाचा अर्थ घेऊन बसतो. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला ही फट लवकर दिसते.

पण फट दिसली म्हणजे ती बुजवायची कशी हे कळलं, असं होत नाही. त्यासाठी विचारायचं की हे वाक्य वाचून माणूस काय करेल, आणि चुकला तर त्याचं काय होईल. याचं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं उदाहरण सांगतो.

टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल नावाचा एक पर्याय होता. बंद झालेल्या जोडण्या सर्व्हरवर काही काळ थांबून राहतात, त्या लवकर निकालात काढायचा. कर्नलच्या दस्तऐवजात त्याच्याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, आणि इशारा असा की तांत्रिक तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय किंवा विनंतीशिवाय हे बदलू नये. बस. बदललं तर काय होईल, कुणाला होईल, काही नाही. सर्व्हर वेगवान करायच्या कृती सांगणाऱ्या पानांनी तो पर्याय चालू करायला सांगितला आणि लोकांनी केला. त्याची चव ज्यांनी चालू केला त्यांना चाखावी लागली नाही, ती आपल्यासारख्यांना लागली. हा पर्याय समोरच्या पत्त्याकडून येणारे टीसीपीचे (जोडणी सांभाळणाऱ्या नियमांचे) वेळेचे शिक्के चढत्या क्रमाने येतील असं धरून चालायचा. एका सार्वजनिक पत्त्यामागे, म्हणजे नॅटमागे, दहा यंत्रं असली तर दहांचे शिक्के वेगवेगळे. मग सर्व्हर कुणाची जोडणी घ्यायचा आणि कुणाची गपचूप टाकून द्यायचा.

एका आश्रमशाळेत अर्ज भरायचे दिवस होते. एका खोलीत बारा संगणक, सगळे एकाच मोबाईल जोडणीवर. चार पोरींचं पान उघडायचं, बाकीच्यांचं फिरत राहायचं. पाच मिनिटांनी दुसऱ्याच चौघींचं उघडायचं. शिक्षक म्हणत होते यंत्रं खराब आहेत. मी केबल बदलल्या, स्विच बदलला, अर्धा दिवस घालवला. दोष समोरच्या सर्व्हरवर होता, आणि तो तिथल्या कुणाच्या वाईट हेतूने आला नव्हता. त्याने दस्तऐवज वाचला असेल तर त्याला इशारा दिसला असेल, पण त्या इशाऱ्यात एकही कारण नव्हतं. तो स्वतःला तज्ज्ञच समजत असणार, आणि का समजू नये?

पुढे मॅन पानात, म्हणजे लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत, ते वाक्य सुधारलं गेलं. हा पर्याय चालू करू नये, कारण समोरच्या पत्त्याचे वेळेचे शिक्के सतत चढते असतीलच असं नाही, जसं नॅटमागची यंत्रं, अशा अर्थाचं. आधीचं आणि नंतरचं वाक्य शेजारी ठेवून पाहा. लांबी फार वाढली नाही. पण दुसरं वाक्य वाचून गडचिरोलीतला मुलगाही स्वतः ठरवू शकतो, त्याला तज्ज्ञ शोधत बसावं लागत नाही. शेवटी २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून तो पर्यायच काढून टाकला. तेव्हापासून कुठल्याही दस्तऐवजात ‘विचारल्याशिवाय बदलू नये’ असं दिसलं की मी त्या ओळीखाली रेघ मारतो. आपल्याकडे विचारायला माणूस नसतो. इशारा द्यायचा तर त्यात परिणाम पाहिजे.

अर्धं सांगणारं वाक्य ही आणखी एक जात. कीपअलाइव्हची, म्हणजे गप्प जोडणी जिवंत आहे का ते चाचपायची, वेळ घ्या. टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम. कर्नलच्या यादीत मी वाचलं तेव्हा असं होतं की कीपअलाइव्ह चालू असताना टीसीपी किती वेळाने कीपअलाइव्हचे निरोप पाठवतं ते हे, डीफॉल्ट २ तास. पतसंस्थेच्या एका शाखेची मुख्य शाखेशी जोडणी दुपारी कुणी काम केलं नाही की तुटायची. मी हा आकडा ७२०० सेकंदांवरून ६० वर आणला आणि निवांत घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. ‘कीपअलाइव्ह चालू असताना’ हे शब्द मी वाचले होते, पण ते चालू कोण करतं ते तिथे नव्हतं. ते त्या प्रोग्रामनेच आपल्या सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या आपल्या टोकावर, चालू करावं लागतं, सिसकंट्रोलने, म्हणजे कर्नलचे आकडे बदलायच्या आज्ञेने, होत नाही. शिवाय ‘किती वेळाने’ हा शब्दही वाट चुकवतो. हा आकडा म्हणजे जोडणी किती वेळ गप्प राहिल्यावर पहिली चाचपणी करायची तो. त्यानंतरच्या चाचपण्यांमधलं अंतर वेगळ्या पर्यायात, ७५ सेकंद, आणि संख्या तिसऱ्या पर्यायात, ९. म्हणजे सगळं डीफॉल्ट असेल तर मेलेली जोडणी मेली हे कळायला ७२०० अधिक ९ गुणिले ७५, म्हणजे ७८७५ सेकंद, दोन तास अकरा मिनिटांच्या वर. टीसीपीच्या मॅन पानात हेच नीट लिहिलंय: चाचपणी सुरू होण्याआधी जोडणी किती सेकंद निष्क्रिय असावी लागते. एकाच पर्यायाबद्दल दोन अधिकृत दस्तऐवज वेगळं बोलत असतील, तर दुरुस्ती पाठवणाऱ्याचं काम सोपं होतं. चांगलं वाक्य आधीच घरात आहे, ते दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं.

‘डीफॉल्ट’ या शब्दाबद्दल तुम्ही पत्रात अर्धी ओळ लिहिलीय, म्हणून थोडंसं. आरपी_फिल्टरचा डीफॉल्ट ० असं दस्तऐवज म्हणतो आणि तुमच्या मशीनवर पहिल्या दिवसापासून दुसराच आकडा होता. दोन्ही खरं. कर्नलचा डीफॉल्ट ० आहे, पण काही वितरणं सुरू होतानाच तो बदलतात, आणि दस्तऐवजात तशी नोंद आहे. त्यात ‘डीफॉल्ट’ नावाची वेगळी जागाही आहे, आणि तिथला आकडा पुढे जन्माला येणाऱ्या इंटरफेसांना मिळतो. एका शब्दाचे तीन अर्थ. तुमच्या दुरुस्तीत हा विषय आणू नका. तो मोठा आहे आणि त्याने तुमची छोटी दुरुस्ती बुडेल.

मी जे पाठवलं असतं ते मराठीत सांगतो, इंग्रजी तुम्ही करा. आहे त्या वाक्याला हात न लावता त्याच्याखाली दोन वाक्यं घाला. पहिलं: सैल तपासणीचा आकडा कडक तपासणीच्या आकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे कोणत्याही एका जागी २ असेल तर सैल तपासणी लागू होते. दुसरं: तपासणी पूर्ण बंद करायची असेल तर दोन्ही जागी ० लागतो. एवढंच. ‘कृपया लक्षात घ्या’, ‘महत्त्वाचं म्हणजे’ असलं काही नको. तुमच्या मसुद्यातला असममित (येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असलेल्या) मार्गांवरचा परिच्छेद चांगला आहे, पण त्यासाठी सैल तपासणी सुचवणारं वाक्य तिथे आधीपासून आहे.

एक सावधगिरी. ‘सैल’ म्हणजे सुरक्षित असा सूर शब्दांत येऊ देऊ नका. डीफॉल्ट मार्ग असला की जगातला जवळजवळ प्रत्येक पत्ता ‘कुठल्या तरी दारातून पोहोचण्याजोगा’ ठरतो, म्हणजे सैल तपासणी फार थोडं अडवते. आधी कडक ठेवलेल्या मशीनवर कुणी तुमचं वाक्य वाचून २ लिहिलं, तर त्याने काय सोडलं हे त्याला कळलं पाहिजे. ते दस्तऐवजात वर १ आणि २ च्या वर्णनात आहे, म्हणून इथे पुन्हा लिहायची गरज नाही. पण ते आहे, याची खात्री करूनच मी पुढे जातो.

पाठवायची रीत थोडक्यात, कारण ती कर्नलच्या झाडातच सविस्तर लिहिलेली आहे. एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या दुरुस्तीच्या फाइलमध्ये, एकच बदल. शीर्षकात काय केलं, खाली का केलं. आज्ञार्थी लिहायचं, ‘स्पष्ट करा’ अशा चालीवर. खाली तुमच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ. ती म्हणजे हे काम पाठवायचा तुम्हाला हक्क आहे याची तुम्ही दिलेली हमी. कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर नावाची स्क्रिप्ट सांगते, आणि चेकपॅच ही पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवून घ्यायची. पत्र साध्या मजकुरात, गिटच्या सेंड-ईमेलने. मोबाईलवरून किंवा ब्राउझरमधून चिकटवलं तर ओळी मोडतात आणि पॅच लागत नाही. माझी पहिली दुरुस्ती त्याच कारणाने परत आली होती.

हीच दुरुस्ती बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या कुळातल्या प्रणालीला असती तर रीत निराळी. तिथे बहुतेक सगळं मॅन पानांत असतं, आणि फ्रीबीएसडीमध्ये मजकुराचा अर्थ बदलला की पानाच्या सुरुवातीची तारीखही बदलावी लागते. जिथे जाल तिथली चाल आधी बघा.

नेटवर्किंगचे पॅच दोन झाडांत जातात. नेट हे चालू दोषांसाठी, नेट-नेक्स्ट हे पुढच्या आवृत्तीसाठी. तुमचा बदल दुसऱ्यात बसतो, कारण वाक्य खोटं नव्हतं. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि प्रत्येक वेळी मर्ज विंडोच्या, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायच्या, सुमारे दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असतं. त्या काळात पाठवलं तर ‘उघडल्यावर पाठवा’ असं उत्तर येतं. त्याचा राग धरू नये, तो सगळ्यांना सारखाच नियम आहे.

आणि हसेल का कुणी, हे तुम्ही दोनदा विचारलंय. तिथे काम करणाऱ्यांत इंग्रजी मातृभाषा नसलेले पुष्कळ आहेत. व्याकरण कुणीतरी सुधारून देतं, मला कितीदा तरी दिलंय. कठोर वाटणारं उत्तर येईल ते बहुधा वस्तुस्थितीबद्दल असेल: हे तपासलं का, कुठल्या आवृत्तीवर, पुरावा काय. म्हणून ते नऊ प्रकार आणि त्यांचे निकाल पत्रात घाला. घालताना तीन डॅशांच्या ओळीखाली घाला, म्हणजे ते वाचणाऱ्याला दिसतील पण गिटच्या इतिहासात जाणार नाहीत. बदल सुचवले तर दुसरी आवृत्ती म्हणून पाठवा आणि काय बदललं ते त्याच जागी लिहा. दोन आठवडे काहीच उत्तर नाही आलं तर नम्रपणे पुन्हा पाठवा. कोणी म्हणालं की हा नुसता शब्दांचा फेरफार आहे, तर तुमची तीन रात्रींची हकिकत दोन ओळींत सांगा: ‘ऑल’मध्ये १ होतं, इंटरफेसवर ० लिहिलं, पाकिटं पडत राहिली. शैलीबद्दल वाद घालता येतो, या तीन गोष्टींबद्दल नाही.

वाचनालयाचं मात्र आज रात्रीच करून घ्या, पॅचसाठी थांबू नका. ‘ऑल’ला ०, फायबरच्या इंटरफेसवर १, डोंगलवर २. मग डोंगल काढून परत लावा आणि आकडा टिकला का ते पाहा. काही मशीनवर नव्याने आलेल्या इंटरफेसला पुन्हा ‘डीफॉल्ट’ जागेतला आकडा मिळतो, आणि तुम्हाला वाटत राहतं की काल तर सगळं चालू होतं.